डाव्या हाताचं टोबणी यंत्र

मेहकरला शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंगचं काम करते. बुलढाण्याहून डिप्लोमा करून इथे लागले तेव्हा कॉम्प्युटरवर बसणारी मी एकटीच होते. बाकीचे सगळे कापणारे, वेल्डिंग करणारे. त्यांच्यात एक वयस्कर मिस्त्रीकाका होते. माझं ड्रॉइंग हातात घेतलं की कामाला लागण्याआधी ते गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून स्वतः एकदा माप बघायचेच. मला त्याचा राग यायचा.

रोहिणखेडला माझी आत्या एकटी राहते आणि आपल्या वावरात दरवर्षी मका टोबते, म्हणजे एकेक दाणा मातीत खोचून पेरते. तिच्याकडे उभ्यानं चालवायचं साधं यंत्र आहे: टोक जमिनीत रोवायचं, उजव्या हातानं दांडा दाबायचा, की एक दाणा खाली पडतो. गेल्या वर्षी ती बैलगाडीवरून पडली आणि तिच्या उजव्या हाताची मूठ कायमची ढिली झाली. मजूर लावू का, असं बाबांनी फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माह्या वावरात मीच टोबीन. डावा हात हाये ना मले."

मग दांडा डाव्या बाजूला असलेलं नवं यंत्र बनवायचं मी मनावर घेतलं. मालकांनी त्याच्या उभ्या नळीसाठी भंगारातला एक पाइप दिला. आत्याच्या यंत्राचं ड्रॉइंग मी शिकत असताना हौसेनं केलेलं होतं, त्यामुळे काम अर्ध्या दिवसाचं वाटलं. दांडा ज्या लोखंडी पट्टीनं पाइपला जोडतात ती उजवीकडची डावीकडे घेतली, भंगारातला पाइप थोडा जाड होता म्हणून त्याचं माप बदललं आणि कागद मिस्त्रीकाकांकडे दिला.

त्यांनी पट्टी कापली, भोकं पाडली, पाइपला लावून पाहिली आणि मला हाक मारली.

"काय वो बाई, हे भोकं कुठी चालले?"

दोन्ही भोकं अर्ध्या बोटानं आत होती. दांडा पाइपलाच घासत होता. "कॉम्प्युटरवर बरोबर होतं," मी म्हटलं.

जागेवर येऊन पट्टीचं स्केच उघडलं. नवं माप टाकलं तर रेघा एकमेकींना जखडणारी बंधनं एकमेकांच्या आड येताहेत असा निरोप आला आणि अर्ध्या रेघा लाल झाल्या. एक बंधन काढलं तर पट्टी दुमडून उलटीच पडली. परत मागे गेले, दुसरं काढलं, पुन्हा तेच. शेवटी फाइलची एक प्रत बाजूला ठेवली आणि काहीही न पुसता एकेक टोक माउसनं ओढून बघायला लागले. कुठलं हलतं, कुठलं हलत नाही.

एक रेघ अजिबात हलेना. ती पाइपची कड होती. पट्टी पाइपला नीट बसावी म्हणून पाइपची कड मी पट्टीच्या स्केचमध्ये उतरवून घेतली होती, प्रोजेक्ट केली होती. पाइप जाड झाला की ही रेघही सरकायला हवी होती. पण पट्टी डावीकडे नेताना तिचा पाइपशी धागा तुटला होता, आणि ती इकडेतिकडे पळते म्हणून मीच घाईत तिला कुलूप लावलं होतं. पट्टी जुन्या, बारीक पाइपवरच मोजली जात होती.

मिस्त्रीकाका मागे येऊन उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, कुलपाचंही.

"तू कडेवरून माप काऊन घेतं?" ते म्हणाले. "पाइप बदलला तं कड बदलनच. मी बीचमधून दोरी मारतो. बीच कुठी जाते?"

मी कुलूप काढलं, मेलेली रेघ पुसली, आणि पाइपची कड सोडून त्याची मधली अक्षरेषा स्केचमध्ये उतरवली. पाइपच्या जाडीचं माप वेगळं धरून सगळी मापं त्या मधल्या रेघेवरून बांधली. लाल रंग गेला. एक टोक तेवढं मोकळं राहिलं होतं, दांड्याचं. ते उभ्या रेघेत धरलं आणि स्केच पूर्ण बांधलं गेलं.

"आता पाइप जाड करून दाखव," काका म्हणाले.

"तुम्हीच करा."

ते आधी नको नको म्हणाले. मग हात पुसून खुर्चीवर बसले, एका बोटानं आकडा टाकला. पाइप फुगला आणि पट्टीची भोकं त्याच्यासोबत बाहेर सरकली. त्यांनी पाइप बारीक केला, पुन्हा जाड केला. असं चार वेळा.

"हाव," ते हसून म्हणाले, "आता आयकते हे."

दुसरी पट्टी त्यांनी त्याच दुपारी कापली. गुण्या लावूनच. मी शेजारी उभी राहून बघत होते, आणि या वेळी मला बरं वाटत होतं.

रविवारी तयार झालेलं यंत्र पोत्यात गुंडाळून बुलढाण्याला बस बदलून रोहिणखेडला गेले. आत्या वावरातच होती. तिनं यंत्र रोवलं, डाव्या हातानं दांडा दाबला. दाणा पडला. दुसऱ्यांदा हात घसरला.

"दांड्याची मूठ बारीक झाली वो," ती म्हणाली, आणि जुन्या लुगड्याची चिंधी तिच्यावर घट्ट गुंडाळून घेतली. मग एक अख्खी ओळ तिनं न थांबता टोबली. लागूनच्या वावराच्या धुऱ्यावरून पाहणारी शेजारीण म्हणाली, "मले बी देजो एक दिवस."

"हे माह्या हाताचं हाये," आत्या म्हणाली. "तुह्या हाताचं पोरगी करून देईन."

शेजारणीनं तिथंच तळवा पुढे केला. मी माझ्या बोटांनी तो मोजून घेतला.