एका टेकूची गाडी

समुद्रात होडी चालवणारे नवापुरात पुष्कळ होते. ती वाळूवर आल्यावर तिला उभं ठेवणारा माणूस मात्र एकच, दामू. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढल्या की दोन्ही कुशींना लाकडी टेकू लावून त्या सरळ करायच्या, मग बाकीच्यांनी तळ खरवडायचा आणि डांबर फासायचं, अशी रीत होती. टेकू लागले की दामू लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचा. होडी सूतभर जरी कलली असली, तरी परत येऊन टेकू ठोकायचा. गावातल्या देवळाचा कळस थोडा वाकडा होता. दामूची होडी कधी वाकडी नसायची.

त्याच्या सुनेने, दीपाने, मोटारसायकल घेतली तेव्हा घरात कोणी हरकत घेतली नाही. नवरा प्रदीप महिन्यातले निम्मे दिवस समुद्रात. ती बोईसरला औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासायला जायची, आणि रिक्षा भरण्याची वाट बघण्यात तिची उमेद चालली होती. दामूनेच गाडीला हार घातला, नारळ फोडला. मग दीपाने पायाने स्टँड पाडला, गाडी डावीकडे सोडली आणि ती घरात निघून गेली.

दामू तिथेच उभा राहिला. एवढी गाडी, बोटभर जाडीच्या एका सळईवर. तोंडही डावीकडे वळवलेलं, जणू आपण कुठे पडणार ती जागा आधीच बघून ठेवतेय.

"दीपा," त्याने हाक मारली, "हिचा दुसरा टेकू कुटं हाय?"

"एकच असतो, बाबा. साइड स्टँड."

"आनि मधला?"

"आता कंपनी देत नाय."

गाडीची एवढी किंमत घेऊन माणसाने टेकू देताना हात आखडावा, याचं दामूला नवल वाटलं. पण त्याहून मोठी गोष्ट होती स्वरा. नात चार वर्षांची, आणि अंगणातल्या भातुकलीत दिवसभर गढलेली. गाडी पडली तर कोणावर पडेल, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

पडलेलं काय करतं हे त्याने पाहिलं होतं. एका मे महिन्यात त्यानेच टेकू लावलेली होडी कोसळली आणि खाली डांबर लावत बसलेल्या त्याच्या धाकट्या भावाचा, हरेश्वरचा, पाय सापडला. हरेश्वर वाचला, शेजारच्या घरात राहतो, कुबडी घेऊन चालतो आणि दिवसभर लोकांची फिरकी घेतो. दामूने मात्र त्या दिवसापासून मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली: एक टेकू कमी पडला.

त्याने अंगणात नियम केला. गाडीच्या डावीकडे कोणी जायचं नाही. भातुकली उजवीकडे. स्वराने कढया, पातेली, कप सगळं उचलून उजवीकडे संसार मांडला. तरी दामूचं समाधान होईना. गाडी येता-जाता त्याच्याकडे कलून बघायची.

रविवारी दीपा आत मासे साफ करत होती, तेव्हा त्याने पडवीतला जुना टेकू काढला. गाडीला खांदा लावून सरळ केली आणि उजव्या पायदानाखाली टेकू ठोकला. लांब जाऊन एक डोळा मिटला. गाडी ओळंब्यात, अगदी सरळ होती. डावीकडची सळई जमिनीला जेमतेम टेकत होती, पण तिची आता गरजच काय?

"दादा," कुंपणापलीकडून हरेश्वर म्हणाला, "तिला आता डांबर लावनार काय?"

"तू गप."

"नाय, लावनार असशील तर मी आज सुट्टीवर हाय."

समुद्राचा वारा सुटला होता, पण तो तिथे रोजच सुटतो. मग शेजारची एक कोंबडी आली आणि कोंबड्यांना जसं सुचतं तसं सुचून फडफडत सीटवर चढली. टेकू वाळूत सरकला. गाडी उजवीकडे गेली आणि आडवी झाली. कोंबडी उडाली. स्वराचा संसार गाडीखाली होता.

दामू गाडीकडे धावला.

"आजा, काय पडलं?" दारातून स्वराने विचारलं. हातात पेला होता. ती पाणी प्यायला आत गेली होती.

दामू वाळूत बसला.

दीपा बाहेर आली. मुलीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, टेकूकडे पाहिलं.

"हे काय, बाबा?"

"टेकू."

"कशाला?"

"पडंल म्हनून."

आधी तिने स्टँड बाहेर ओढून ठेवला. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवली, हँडल आणि मागची कडी धरली आणि पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे रेटत गेली. दामू उठायला लागला, तर म्हणाली, "तुमी बसा."

गाडी वर आली. सरळ झाली. त्या घटकेला दीपाच्या मानेची शीर ताठ झाली. गाडी पडायला वाऱ्याची झुळूकही पुरली असती. मग तिने गाडी हळूच डावीकडे ओढली. गाडी कलली, सळईवर टेकली, आणि दीपाने दोन्ही हात काढून घेतले. पदर झटकला.

गाडी हलली नाही. वारा होताच. आरसा फुटला होता, ब्रेकची दांडी वाकली होती, पण गाडी आपलं सगळं ओझं एका कुशीवर टाकून निवांत होती. ओहोटीला चिखलात बसलेली होडी अशीच कलते, आणि तिच्या सावलीत माणसं खुशाल जाळी विणतात. दामू स्वतः विणत आला होता. गाडीला धरावं लागलं ते ती सरळ होती तेवढाच वेळ.

तो बघत राहिला. देवळातही तो इतका वेळ थांबत नसे.

"हऱ्या," त्याने हळूच विचारलं, "तुज्या पायावर पडली ती होडी, पडायच्या आधी कलली होती काय रे?"

हरेश्वरने कुबडी बदलली. या वेळी त्याने फिरकी घेतली नाही. "नाय दादा. तुजी होडी कवा कलली? सरळ होती. माडासारखी."

दामूने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

संध्याकाळी तो जुन्या होडीच्या फळीचा एक चपटा तुकडा घेऊन आला. दीपाला गाडी जराशी उचलायला लावली आणि तो सळईच्या पायाखाली वाळूत बसवला.

"एवढंच?" दीपाने विचारलं.

"एवढंच."

मग चेपली नव्हती तेवढी भांडी त्याने गोळा केली, डावीकडे नेली, गाडी जिकडे कलली होती तिकडे, आणि आधी स्वतः एकटाच तिथे बसला. बसल्या बसल्या त्याचा एक हात वर गेला आणि पेट्रोलच्या टाकीला टेकूसारखा लागला. कोंबडी पुन्हा सीटवर चढली. गाडीने तिची दखल घेतली नाही.

"आजा, इकडे बसायचं नाय ना?" स्वरा लांबूनच म्हणाली.

"आजपासून बसायचं. ये."

ती आली, त्याला लागून बसली आणि रिकाम्या किटलीतून रिकाम्या कपात चहा ओतला. दामूने मोकळा हात पुढे केला.

"असं नाय, आजा. गरम हाय. दोन्ही हातांनी."

दामूने टाकीकडे पाहिलं. मग टाकीवरचा हात काढला आणि कप दोन्ही हातांनी घेतला.