पाइपातली गोधडी

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, मग थोडी धडकी भरते. दोन हजारच्या दशकात मी लंडनच्या पिनर भागात पोलीस सार्जंट होतो. हद्दीत नवी वसाहत झाली होती. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, बांधकामाला परवानगी देताना अट घातली होती: मधला हिरवळीचा खड्डा कायम रिकामा ठेवायचा. जोराच्या पावसाचं पाणी त्यात साठावं आणि तळाच्या पाइपातून हळूहळू ओढ्यात जावं. सप्टेंबरमधल्या एका पावसात पाणी गेलंच नाही, घरांत शिरलं. पाइपात कुणीतरी बोळा कोंबला होता.

लगेच निनावी फोन आला. "केअरटेकरला धरा. त्याचं वसाहतीच्या ऑफिसशी वाजलंय." केअरटेकर आयरिश, साठीला आलेला. नोकरीबरोबर मिळालेल्या खोलीत एकटा राहायचा, म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं. मी ठाण्यात बोलावून त्याचा जबाब घेतला. खोटं बोलणारा फार बोलतो, हा माझा अनुभव. हा गडी एकच सांगत राहिला, "पाणी उतरत नाहीये, हे मी ऑफिसला कळवलं होतं." ऑफिसने कानावर हात ठेवले.

मग मी तो बोळा ठेवलेली पुराव्याची पिशवी उघडली. "जुनं ब्लँकेट आहे," कॉन्स्टेबल म्हणाला. मी हातात घेतलं आणि चमकलोच. सुती साड्यांचे थर, वर एकसारखा धावदोरा. अरे, ही तर गोधडी! लहानपणी अशीच पांघरून झोपायचो मी, ओळखायला प्रयोगशाळा कशाला हवी?

वसाहतीत मराठी घर एकच होतं. पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले काका-काकू तिथे होते. पाइप कुणी बुजवला ते विचारायचंय म्हणत मी काकांना रीतसर हक्क सांगितले, गप्प राहिलात तरी चालेल म्हटलं.

"साहेब, या घरात मी एरवीही गप्पच असतो," काका म्हणाले. "आणि कुठला पाइप?"

मी पिशवी टेबलावर ठेवली. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि ओरडल्याच, "अगं बाई, माझी गोधडी! अहो, कपाट उपसलं मी हिच्यासाठी!"

काकांचा चेहरा पडला. "बाप्पाला बादलीत बुडवायचं जिवावर आलं हो. पाइप बुजवला, रिमझिमीत छान तळं झालं. विसर्जनानंतर काढायला गेलो तर हात पोचेना. लाजेपोटी बोललो नाही, आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ फाटलं."

"तुमच्यापायी एका माणसाची नोकरी आणि घर जायची वेळ आलीय," मी म्हणालो. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चहा तसाच टाकून ते उठले, केअरटेकरसमोर हात जोडून उभे राहिले आणि ऑफिसात जाऊन सगळं कबूल केलं. काका ताकिदीवर सुटले. केअरटेकरची नोकरी राहिली.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. पुराचा नियम मोडणारा दरवेळी बदमाशच असतो असं नाही. रिकामा खड्डा दिसला की भल्या माणसालाही तो भरावासा वाटतो. तो रिकामा का ठेवलाय, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

पुढच्या वर्षी काकूंनी मला आरतीला बोलावलं. विसर्जनाचा टब केअरटेकरने स्वतः आणून भरला होता. बाहेर पाऊस लागला होता आणि पाइपातून पाणी खळखळ वाहत होतं. फार बरं वाटलं. मी चेष्टेने विचारलं, "काकू, गोधडी कुठंय?"

काकूंनी मोदक खाणाऱ्या केअरटेकरकडे बोट दाखवलं. "धुऊन याला दिली. याच्या खोलीत थंडी फार. आणि तिथून आमचे हे काही ती पळवत नाहीत."