काजळीची भरपाई

माझा राग लवकर विझतो, असं घरचे म्हणतात. कौंडण्यपूरच्या त्या खोलीवाल्यावरचा मात्र अजून विझलेला नाही, आणि तो विझावा अशी माझी इच्छाही नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. अमरावतीला राजापेठेच्या पलीकडे आमचा भाजीचा मळा होता. मी तेव्हा परकर नेसायच्या वयाची. आईचा नवस होता, म्हणून कार्तिकातल्या जत्रेला आई, बाबा आणि मी बैलगाडीनं कौंडण्यपूरला गेलो आणि नदीजवळ एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत चूल होती आणि तिच्यामागची भिंत पार आढ्यापर्यंत काळी.

"लई वर्साची काजळी दिसते," आई म्हणाली. मालक नुसता हसला.

ती चूल आम्ही पेटवलीच नाही. नवसाचे रोडगे नदीकाठी गोवऱ्यांच्या आरावर भाजले. एरवी घरून आणलेल्या दशम्यांवर भागलं. रोडग्यांच्या पंगतीला हा मालकही होता. वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली, वरणावर तुपाची धार धरायला लावली आणि ढेकर देत घरी गेला.

निघायच्या दिवशी सकाळी आईनं पांढरी माती कालवून चूल सारवली. ज्या छपराखाली झोपलो तिथली चूल सारवूनच निघायचं, पेटवलेली असो वा नसो, ही तिची रीत होती. तेवढ्यात मालक आला आणि त्यानं भिंतीकडे बोट केलं.

"भित काळी केली तुमी. चुना मारा लागते आता. भरपाई द्या."

"अवो, चूल तं म्या पेटोलीच नाई!"

"पेटोली नाई तं सारवली काहून?"

तिच्या चांगुलपणाचाच त्यानं पुरावा केला. शिवाय गाडीत ठेवलेला तिचा पाणी भरायचा पितळी गुंड, तिच्या अकोल्याच्या माहेरून आलेला, उतरवून घेतला आणि त्यावर हात ठेवून दारातच बसला.

"नदीवर आमच्याइथं जेवले तुमी," आईचा आवाज चढला. "आमचा सैपाक कुठं होते, तवा नाई दिसलं?"

तो जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाला, "काही बायाच असतेत अशा. जिथं उतरतीन तिथं घाण करतीन."

आईचे डोळे भरून आले. गुंडापेक्षा तिला ते लागलं. आणि बाबांनी काय केलं? "जाऊ द्या, तंटा नको," म्हणत कमरेची पिशवी सोडली. मला बाबांची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पैसे हातात पडल्यावर मालकानं गुंड सोडला.

"तुमी पैसे नाई देले," आई बाबांना म्हणाली, "माह्या तोंडाले काळं फासलं."

बैल जुंपलेले होते. मला वाटलं, आता ती गाडीत बसेल. तिनं गाडीतल्या उरलेल्या गोवऱ्या उचलल्या, खोलीत गेली आणि चूल पेटवली. गोवऱ्या दंव लागून ओलसर झालेल्या. धूर दारातून बाहेर लोटू लागला. मालक खोकत धावला.

"हे काय करून राहिल्या, बाई?"

"काजळीचे पैसे घेतले न तुमी? मंग काजळी घ्या!"

लोक हसले. बाबांनीही मान वर केली आणि दारात आडवे उभे राहिले. "सैपाक होऊ द्या," ते मालकाला म्हणाले. आईनं निवांत पिठलं-भाकरी केली. आम्ही तिथंच बसून जेवलो. मला तर गड जिंकल्यासारखं वाटत होतं.

उठताना सवयीनं आईचा हात पांढऱ्या मातीच्या वाडग्यात गेला. तिनं तो तसाच बाहेर काढला, पदराला पुसला आणि गाडीत येऊन बसली. गुंड मांडीवर घेऊन ती वाटभर रडत होती. बाबांनी विचारलं, "आता काय झालं? जिरवली न त्याची?"

"चूल तशीच टाकून आली म्या," ती म्हणाली.