सुकटीवरची मैफल

खांदेश्वरहून बेलापूरची बस धरली तेव्हा माझ्याजवळ डबा, पाणी आणि एक शिवी होती. शिवी फोनमध्ये होती.

माझा धाकटा भाऊ निशांत एका पोस्ट-पंक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, तोही तारांवर बाटली घासून. आईला ते गिरणी बिघडल्यासारखं वाटे. त्यांचा लाइव्ह अल्बम बेलापूरजवळच्या दिवाळे या कोळ्यांच्या गावी, धक्क्यावर ध्वनिमुद्रित झाला. मोकळी जागा दिसली म्हणून त्यांनी सामान मांडलं. ती सुकट (वाळवलेला जवळा) पसरायची जागा होती. तिसऱ्या गाण्यानंतर एक बाई येऊन सगळ्यांना झाडते. श्रोते तो प्रयोगाचाच भाग समजून टाळ्या वाजवतात. तिच्या आवाजात मिसळून निशांत खदखदून हसतो, आणि अल्बम तिथेच तुटतो. जाणकारांनी या शेवटाला धाडसी म्हटलं होतं.

निशांत गेल्या वर्षी गेला. त्याचं हसणं दुसरीकडे कुठेच नाही. आता अल्बम पुन्हा निघतोय, आणि बाईंची परवानगी नसेल तर तो शेवट कापावा लागेल, असं बँडमधला त्याचा मित्र म्हणाला.

दिवाळ्यात मासळीवाल्यांच्या रांगेत मी फोन ऐकवला. पहिलीने आवाज आपलाच असल्याचं सांगितलं. दुसरीनेही. तिसरीने तो सासूचा समजून पदर सावरला. संकोचाने मी तिघींकडूनही बोंबील घेतले. तेवढ्यात मागे कुणीतरी मांजरावर ओरडलं. मांजर पळालं, मी वळले. तोच आवाज होता, हिराबाई नावाच्या मासळीवालीचा.

हिराबाईंनी ध्वनिमुद्रण शांतपणे ऐकलं.

"बाटलीवाला ना? गानी बंद करून सगल्यांना सुकट वेचायला बसवलं मी. त्यो हसत हसत वेचत व्हता. कुठं हाय आता?"

"गेला, मावशी. माझा भाऊ होता."

त्यांनी बोंबलांवर पाणी शिंपडलं. मग म्हणाल्या, "ठेव माझी बोंब, बाय. पन त्यो ढोल कमी करायला सांग. माझा आवाज दबतो."

फोनमध्ये परवानगी त्यांनी ओरडूनच दिली.

परतीच्या बसमध्ये बोंबलांच्या वासाने शेजारची जागा खांदेश्वरपर्यंत रिकामी राहिली. मी कानात तोच तुकडा लावून बसले होते.

परवा नवा अल्बम घरी आला. वेष्टनावर पहिलं नाव हिराबाईंचं आहे, त्याखाली निशांतचं. हे पाहून तो हसला असता, असं लिहिणार होते. पण तो हसलाच आहे, अगदी शेवटी.