तुंगाक्कांनी पिल्लं दिली नाहीत

कानडी मुलखातल्या के. आर. पुरमच्या तुंगाबाईंना पक्षी पाळणारी सगळी माणसं तुंगाक्का म्हणत. टेलिफोनच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी तयार मालाची तपासणी केली. मनात शंका असताना त्यांनी कधी शिक्का मारला नाही. साहेबांचं तोंड वाकडं झालं तर होऊ दिलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवरच्या खोलीत कॉकाटील जातीचे छोटे पोपट पाळले. डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिकली. पिल्लांना त्या स्वतः चमच्यानं भरवत, त्यामुळे ती कुणाच्याही खांद्यावर बेलाशक जाऊन बसत. आनेकलपासून शिवाजीनगरपर्यंतची माणसं त्यांच्या पिल्लांसाठी सहा-सहा महिने थांबत. तुंगाक्कांना याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

गेल्या वर्षीच्या श्रावणात जरी नावाची त्यांची पिवळी मादी दिवसभर खाऊनही वाळत चालली. एका सकाळी पिंजरा झाडताना तिच्या विष्ठेत राळ्याचे अख्खे दाणे दिसले. तुंगाक्कांनी तिला त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टर मेघाश्रीकडे नेलं.

एक्स-रेत जठर फुगलेलं दिसलं. पोटाच्या नसा निकामी करणारा विषाणूचा आजार असू शकतो, मेघाश्रीनं सांगितलं. तो बरा करणारं औषध नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागू शकतो. पहिल्या तपासणीत विषाणू सापडला नाही, महिन्यानं केलेल्या दुसऱ्या तपासणीत सापडला. यातलं खरं कुठलं, असं तुंगाक्कांनी विचारलं. मेघाश्रीनं सरळ कबूल केलं, की ठाम सांगता येणार नाही. विषाणू असलेला पक्षीही जन्मभर धडधाकट राहू शकतो, आणि सापडला नाही म्हणजे नाहीच, असंही नसतं. पोटाचा तुकडा काढून तपासला तर कदाचित कळेल, पण एवढ्याशा जिवाला ते सोसेल का?

आयुष्यभर 'चालेल' किंवा 'नाही चालणार' एवढंच सांगत आलेल्या बाईला हे पचेना.  तरी त्यांनी पदर खोचला. जरीला खालच्या खोलीत हलवलं. आधी वरच्या पक्ष्यांचं सगळं करायचं, मग जरीचं, मग कपडे बदलायचे, असा नेम केला. जरीचे दाणे बंद करून मऊ खाणं सुरू केलं, रोज सकाळी तिचं वजन घेतलं. अंडी घालायच्या पेट्याही उतरवल्या.

घरात तेव्हा दोन पिल्लं तयार होती, आनेकलच्या अवधूतला कबूल केलेली. धाकटे भाऊ वासुदेवराव म्हणाले, पिल्लं टुणटुणीत आहेत, शब्द मोडू नकोस. अवधूत नवा पिंजरा घेऊन आला तेव्हा तुंगाक्कांनी त्याला सगळं सांगितलं.

"दिसतायत तर छान, अक्का. जोखीम मी घेतो."

"तुम्ही घ्याल हो. घरी तुमचे सहा पक्षी आहेत, त्यांना कुणी विचारलं?"

तो रिकामा पिंजरा घेऊन रागानं निघून गेला. त्यानंतर आठवडाभर तुंगाक्कांनी दोन वर्षांत आपली पिल्लं नेलेल्या प्रत्येकाला फोन केला. कुणी आभार मानले, कुणी नको ते बोललं. त्यांच्याकडे रोगट पक्षी आहेत अशी बोंब झाली आणि पिल्लांसाठी येणारे फोन थांबले. वासुदेवराव चिडले, "स्वतःचं नाव स्वतःच घालवलंस, अक्का."

"नाव राखायचं म्हणूनच सांगितलं," त्या म्हणाल्या.

थंडीत जरीचं वजन अडुसष्ट ग्रॅमपर्यंत घसरलं. मेघाश्रीनं शिकवलं तसं तुंगाक्कांनी तिला दिवसातून पाच वेळा सिरिंजनं भरवलं. स्वल्प स्वल्प करत उगादीच्या पाडव्यापर्यंत ती ऐंशीवर गेली आणि तिथं टिकली. तिसऱ्या तपासणीत विषाणू सापडला नाही. बरी झाली असं मेघाश्री आजही म्हणत नाही. बाकीचे पक्षी ठणठणीत आहेत, ती दोन पिल्लंही. आता कुणाच्या पक्ष्याचा आजार असा अधांतरी राहिला, की मेघाश्री त्यांना तुंगाक्कांकडे धाडते.

यंदा दसऱ्यानंतर शिवाजीनगरला पक्षी पाळणाऱ्यांचा मेळावा भरला. मेघाश्रीनं तुंगाक्कांना बोलायला उभं केलं. जरीला नेमकं झालं काय होतं, असं कुणीतरी विचारलं.

"माहीत नाही," तुंगाक्का मान ताठ ठेवून म्हणाल्या. "पण माहीत नसताना काय काय करायचं, ते सांगते."

सभागृहात वह्या उघडल्या गेल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या वासुदेवरावांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला कोपरानं ढोसून सांगितलं, की ही माझी थोरली बहीण.