टेंपररी शाल

असे किस्से कोणी गोळा करत नाही. स्टाफरूमच्या टेबलावर चहाच्या कपांचे गोल डाग पडतात, तसे ते साठत जातात. आमच्या ठाकुर्लीच्या शाळेतल्या सगळ्या किश्शांच्या मुळाशी एकच इंग्रजी शब्द आहे: टेंपररी.

देहरादूनला शिकून मी एकोणनव्वद साली इथे शिकवायला आले. वर्ग मिळाला पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारी मुलं अक्षरशः भाजायची. हेडसर म्हणाले, "मॅडम, शेड टेंपररी आहे."

बाहेर आल्यावर शिपाई पाटीलमामा हळूच म्हणाले, "मी पण ह्याच शेडमध्ये शिकलेलो."

*

सायन्सच्या लॅबमध्ये चेअरमनसाहेबांच्या मेव्हण्याने सिमेंटच्या गोणी ठेवल्या होत्या. टेंपररीच. त्यांचे दगड झाले. मी भांडायला गेले, तर हेडसर शांतपणे म्हणाले, "मुलांना डबा खायला बसायची सोय झाली ना?"

*

गणिताच्या नलिनीबाईही टेंपररी. सलग नोकरी झाली तर कायम करावं लागेल, म्हणून दर एप्रिलला त्यांना काढायचं आणि जूनमध्ये परत घ्यायचं. वर दर एप्रिलला रीतसर सेंडऑफ! शाल, नारळ, भाषण. नारळ बाईंचा, शाल दुसऱ्या दिवशी ऑफिसात जमा, पुढच्या वर्षासाठी.

एकदा शाल परत घेताना क्लार्क म्हणाला, "बाई, इस्त्री नाही केलीत?"

*

मी तडक चेअरमनसाहेबांच्या घरी गेले. "इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाई टेंपररी कशा?"

"अगं पोरी, आयुष्यच टेंपररी आहे," ते म्हणाले. शाळा निघाल्यापासून तेच चेअरमन आहेत.

*

गेल्या एप्रिलला पुन्हा सेंडऑफ झाला. या वेळी मात्र शाल परत आली नाही. जूनमध्ये शाळा उघडली, तर बाईही आल्या नाहीत. माझ्या रिटायरमेंटला एकच वर्ष उरलं होतं; आताचे हेडसर मला घेऊन त्यांच्या घरी गेले.

बाहेरच्या खोलीत बाई शिकवणी घेत होत्या. समोर आमचीच दहावीची मुलं. शाल खुर्चीच्या पाठीवर.

"बाई, वर्ग खोळंबलाय."

"माझा सेंडऑफ झालाय ना, सर?"

"अहो, तो नेहमीचाच."

"कायमची ऑर्डर आणलीत?"

"ते बघू नंतर. सध्या टेंपररी या."

"मग नाही येणार."

हेडसरांनी खुर्चीवरच्या शालीकडे पाहिलं. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"ठीक आहे, बाई. शाल तेवढी द्या. पुढच्या एप्रिलला ह्या मॅडमना लागेल."