साडूभाऊंचा पंप आणि आक्कांचा तवा

माझ्या थोरल्या साडूभाऊंइतका संशयी माणूस सबंध तापीकाठी शोधून सापडायचा नाही. माणसांवर त्यांचा गाढ विश्वास. संशय फक्त धातूंवर. शहाद्यात त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे, आणि सदऱ्याच्या खिशात, जिथं इतरांचं पेन असतं तिथं, त्यांचा लोहचुंबक असतो. सारंगखेड्याच्या एका लग्नात त्यांनी मांडवात मांडलेल्या आंदणाच्या भांड्यांना एकेक करून तो लावून पाहिला आणि कोणतं स्टील भारी, कोणतं हलकं, हे वधूपित्याला न विचारताच सांगून टाकलं. मी शरमेनं अर्धा झालो. ते मात्र पंगतीत बसून शांतपणे चमचा तपासत होते.

पुढं या वेडानं भलतंच वळण घेतलं. चार वर्षांपूर्वी केळीतल्या ठिबकच्या नळ्या ॲसिडनं धुताना पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीचं सील गळालं आणि ॲसिड आक्कांच्या उजव्या हातावर उडालं. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. जखम भरली, पण तळहात आखडला तो आखडलाच. ते सील साडूभाऊंनीच बसवलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी सीलच नसलेल्या पंपाचा ध्यास घेतला. मोटर अलीकडे, पंपाचा पंखा पलीकडे, मध्ये बंद भिंत. अलीकडच्या चकतीवरचे लोहचुंबक फिरले की पलीकडचे त्यांच्यामागे फिरायचे. जिथं भोकच नाही, तिथून गळणार काय?

घोडं पेंड खात होतं ते त्या चकतीपाशी. लोहचुंबक चिकटवायचे कशावर? साडूभाऊ पडले लेथवाले, चकाकी ही त्यांची कमजोरी. पहिली चकती ॲल्युमिनियमची, आरशासारखी. दुसरी भारी स्टेनलेसची. खिशातला लोहचुंबक तिला चिकटला नाही, म्हणूनच पसंत केलेली! दोन्ही वेळा पंपात पाणी भरताच मोटर गरगर फिरली आणि पंखा ढिम्म. तेव्हा कुठं त्यांना उमगलं की चुंबकाच्या पाठीशी जाड, मऊ, साधं लोखंड लागतं. ते जोर मागं सांडू देत नाही, वळवून पुढं पाठवतं. चकतीच्या पाठीला टाचणी लावायची. चिकटली तर लोखंड कमी पडलं. मग ते भंगारातले पत्रे आणून टाचण्या लावत बसले, आणि टाचणी दरवेळी चिकटायची. "चमकस ते कामनं नही, इतलं समजाले मले दोन वरीस लागनात," असं ते मला म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात गेलो, तर वर्कशॉपच्या खुंटीला आक्कांचा भाकरीचा तवा टांगलेला, तीन गोल भोकं पाडलेला! तो जाड लोखंडी तवा सासूबाईंनी आक्कांना लग्नात दिला होता. नवा जावई असताना मी त्यावरची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाल्ली होती. कापलेल्या तिन्ही चकत्या ठोकून सपाट केलेल्या, एकावर एक दाबलेल्या, आणि पाठीला टाचणी टिकत नाही म्हणून हा गृहस्थ खूश! आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. दारातून आक्काच म्हणाल्या, "तवा मीनीच दिधा, भाऊ. मन्हा हातवर आते भाकर थापाई नही. घरमा तो टांगेल दखीसन तुमना साडूभाऊ धड जेवेत बी नही." माझा राग कुठल्या कुठं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात पंप जोडला. चाचणी थेट ॲसिडनं. मोटर सुरू होताच साडूभाऊंनी, पूर्वी जिथं सील असायचं, बरोबर त्या जागेखाली आपला उघडा उजवा हात धरला. मी तो ओढायला गेलो, तर म्हणाले, "गळनं ते मन्हा हातवर गळू दे." पंप फिरत राहिला. हात कोरडा होता. कपाळावरून मात्र घामाच्या धारा लागल्या होत्या.

तेवढ्यात आक्का आल्या. त्यांनी तो हात बाजूला सारला आणि तवा तापला का हे पाहायला बाई धरते, तसा आपला आखडलेला तळवा तिथं धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाल्या, "कोरडं शे." साडूभाऊ केळीकडे तोंड फिरवून उभे होते.

दुपारी भाकरी साडूभाऊंनीच थापली आणि भाजली, आक्कांच्या तव्याला हात लावायचा धीर होईना म्हणून अपघातानंतर बाजारातून आणलेल्या पातळ तव्यावर. अगदी गोल होती. तीन वर्षं रोज तेच थापतात, असं आक्कांनी सांगितलं, आणि मी आणखी एक मागून घेतली.